समुदायाधारित भौतिकोपचार (मराठवाडा)

रुग्णाला दवाखान्यात न बोलावता त्याच्या घरी, वस्तीवर जाऊन हालचाल टिकवण्याचे व परत मिळवण्याचे उपचार शिकवण्याची पद्धती. लोक याला ‘फिजिओ’ किंवा नुसते ‘व्यायाम’ म्हणतात. रोजचे उपचार घरचेच माणूस करते. फिजिओथेरपिस्ट त्याला तयार करतो आणि अधूनमधून तपासून जातो.

उगम : सप्टेंबर १९७८मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातील आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला; त्यात पुनर्वसनाचाही समावेश होता. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने एइनार हेलांडर आणि सहकाऱ्यांकडून कुटुंबीयांसाठी सचित्र पुस्तिका करवून घेतल्या (१९८९). आरंभ बहुधा येथूनच धरला जातो. मात्र बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७०मध्येच काम सुरू करून गावातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले होते. तो प्रकल्प भौतिकोपचारापुरता नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. तरी नाव १९७८नंतरचे व रीत त्याआधीची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१०च्या समुदायाधारित पुनर्वसन मार्गदर्शिकेत आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन व सक्षमीकरण असे पाच घटक आहेत. भौतिकोपचार हा त्यांतील आरोग्याचा एक भाग होय. म्हणून समुदायाधारित पुनर्वसन व समुदायाधारित भौतिकोपचार या दोन्ही संज्ञा समानार्थी वापरणे चूक.

उपचार : ‘अंगावरून वारं गेलेल्या’ माणसाला बाजेवरून उठवताना घरचे लुळा हात धरून ओढतात. स्नायूंचा आधार सुटलेला खांदा त्यामुळे निखळतो आणि दुखणे कायमचे मागे लागते. बगलेत हात न घालता पाठीला व कमरेला आधार देऊन उठवणे, ही पहिल्याच भेटीत शिकवायची गोष्ट. दुखरा हात चांगल्या हाताने धरून परातीतले पीठ मळणे, चौकटीला धरून उभे राहणे, मग उंबरठा ओलांडणे : घरच्या कामातच व्यायाम बसवला, तरच तो रोज होतो. सांधा न हलवता ठेवला तर काही आठवड्यांतच आखडू लागतो; म्हणून महिन्यातून एकदा जिल्ह्याला नेण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे मोलाची. शिवाय एका खेपेला एसटीचे भाडे आणि दोघांची मजुरी जाते.

मराठवाडा : बीड व लगतच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. वाकून कोयता चालवणे आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवणे यांत मान, कंबर, गुडघे झिजतात. उपचार निम्म्यात सुटतो, म्हणून तो निघण्यापूर्वी शिकवावा आणि शक्यतो फडावरही पोचवावा. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंतींखाली सापडलेल्यांपैकी अनेकांना दीर्घ पुनर्वसनाची गरज पडली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने (२०१६) अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ झाले; प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र फिजिओथेरपिस्टचे पद सहसा नसते. घरोघर जाणारी आशा स्वयंसेविका हाच आज सर्वांत जवळचा दुवा आहे.