ताइची करणाऱ्यांनी वजनं का उचलावीत?

ताइची, शिंग-यी आणि बाग्वा या चीनच्या तीन प्रमुख ‘अंतर्गत’ युद्धकला. त्या शिकणाऱ्याला एक ताकीद हमखास मिळते : वजनं उचलू नका, शरीर ताठर होईल, ‘ची’चा, म्हणजे शरीरात वाहते असं मानलेल्या प्राणशक्तीचा, प्रवाह अडेल. दुसऱ्या टोकाला जिमची मंडळी असतात. त्यांच्या लेखी ताइची म्हणजे हळूहळू हात हलवणं, तो व्यायामच नव्हे. दोन्ही मतं चुकीची आहेत, आणि ती का चुकतात हे कळायला स्नायू कामाला कसे लागतात एवढं नीट समजून घेतलं तरी पुरतं.

आधी ताइचीच्या बाजूने बोलू. कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली घरी राहणाऱ्या ६० वर्षांवरील लोकांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. ताइचीमुळे पडण्याचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी घटलेलं दिसलं, जरी त्यामागचा पुरावा थोडा कच्चा होता. तोलाच्या आणि रोजच्या हालचालींशी मिळत्याजुळत्या व्यायामांनी ते २४ टक्क्यांनी घटलं. अनेक प्रकारचे व्यायाम एकत्र केले, म्हणजे बहुतेक वेळा तोलाला ताकदीची जोड दिली, तेव्हा ३४ टक्क्यांनी. नुसत्या ताकदीच्या व्यायामांबद्दल मात्र ठाम काही सांगता आलं नाही. म्हणजे तोल शिकवणारा सराव हवाच, आणि तो एकटा पुरेसा नाही.

असं का होतं? उत्तर मज्जारज्जूत आहे, आणि ते मला शरीरशास्त्रातल्या सर्वांत देखण्या नियमांपैकी एक वाटतं.

मज्जारज्जूतून निघणारी प्रत्येक चालक चेतापेशी ठरावीक स्नायूतंतूंना जोडलेली असते. ती पेशी आणि तिचे तंतू मिळून एक मोटर युनिट. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका पेशीच्या वाट्याला दहाबारा तंतू येतात. पोटरीतल्या मोठ्या युनिटमध्ये हजाराहून जास्त. पेशीने संदेश सोडला की तिचे सगळे तंतू एकदम आकुंचन पावतात, अर्धेमुर्धे नाही. मग आपण पेन उचलतानाचा हलका जोर आणि कपाट सरकवतानाचा पूर्ण जोर यांत फरक कसा करतो? जास्त युनिटं कामाला लावून, आणि लावलेल्या युनिटांकडून दर सेकंदाला जास्त संदेश सोडवून.

कोणती युनिटं आधी कामाला लागतात, हे एलवुड हेनेमन यांनी १९५७ साली आणि नंतर १९६५च्या शोधनिबंधांत मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. आधी लहान, मग मोठी. याचं कारण शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमात आहे. लहान पेशीचं पृष्ठफळ कमी, त्यामुळे विद्युतप्रवाह बाहेर झिरपायला वाटा कमी, म्हणून तिचा रोध जास्त. मेंदूकडून सगळ्या पेशींना सारखाच प्रवाह आला तरी व्होल्टेज म्हणजे प्रवाह गुणिले रोध, त्यामुळे लहान पेशीचं व्होल्टेज जास्त चढतं. विश्रांतीतली पेशी साधारण उणे ७० मिलिव्होल्टला असते आणि उणे ५५च्या आसपास पोहोचली की संदेश सोडते. तो उंबरठा लहान पेशी आधी ओलांडते. मोठीला तिथवर न्यायला खूप जास्त प्रवाह लागतो. मेंदूला निवड करावीच लागत नाही, फक्त एकूण मागणी वाढवावी लागते; क्रम पेशींच्या आकारातच ठरलेला आहे.

लहान युनिटांचे तंतू संथ आणि चिवट असतात, तासन् तास थकत नाहीत. मोठ्यांचे तंतू जलद आणि जोरकस, पण लवकर दमणारे. हाताच्या पंज्यातल्या छोट्या स्नायूत कमाल जोराच्या निम्म्यापर्यंत पोहोचतानाच जवळपास सगळी युनिटं कामाला लागलेली असतात. त्यापुढचा जोर संदेशांचा वेग वाढवून येतो. दंडासारख्या मोठ्या स्नायूत मात्र शेवटची युनिटं ८० ते ८५ टक्के जोराच्या आसपास जागी होतात.

आता ताइचीचा संथ फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींची सलग मालिका, पाहा. वेग एकसारखा, कुठे झटका नाही, भार फक्त स्वतःच्या शरीराचा. मांड्यांवर ताण येतो खरा, पण सरावलेल्या माणसाच्या बाबतीत तो कमाल जोराच्या खूप खाली राहतो. लहान युनिटं वर्षानुवर्षं उत्तम तयार होतात आणि मोठ्यांना कोणी बोलावतच नाही. वय वाढतं तसे आधी जलद तंतूच बारीक होतात आणि पुढे गळतात. पाय अडखळला की तोल सावरायला सेकंदाचा छोटासा अंश मिळतो. पायाचा कमाल जोर तयार व्हायलाच सेकंदाचा तिसरा हिस्सा किंवा जास्त लागतो. अशा वेळी जोर किती लवकर चढतो यावर सगळं असतं, आणि ते काम जलद युनिटांचं.

याला दोन अपवाद आहेत. झान झ्वांगमध्ये एकाच पवित्र्यात स्थिर उभं राहतात. लहान युनिटं दमू लागली की तोच जोर टिकवायला मोठी मदतीला येतात. मांड्या थरथरू लागतात ती हीच वेळ. पण एकूण जोर बेताचाच राहतो, आणि मिळणारी ताकद मुख्यतः गुडघ्याच्या त्याच कोनाच्या आसपास मिळते. दुसरा अपवाद फा-जिन, म्हणजे ताइचीच्या चेन शैलीतला स्फोटक प्रहार. झटक्याच्या आकुंचनात मोठ्या युनिटांचा उंबरठा बराच खाली येतो, म्हणून कमी भारातही ती जागी होतात. १९५६ साली चीनमध्ये तयार झालेल्या आणि आज सर्वाधिक शिकवल्या जाणाऱ्या २४ हालचालींच्या फॉर्ममध्ये हा भाग नाही. जुन्या चेन परंपरेत तो होता, शिवाय लांब काठी झटकण्याचा सराव आणि जड ग्वानदाव (लांब दांड्याचं पातं)ही होता. ‘परंपरेत वजन नव्हतं’ हा दावा इतिहासालाच धरून नाही.

‘ताठर होईल’ या भीतीचं काय? कोपर वाकवताना दंडाच्या पुढच्या स्नायूने ओढायचं असतं आणि मागच्याने सोडायचं. नवशिक्याचे दोन्ही एकदम आवळले जातात. बरीचशी ताकद एकमेकांशी झगडण्यात जाते. ताइचीतलं सैलपण म्हणजे ही अनावश्यक आवळाआवळ बंद करण्याचं कौशल्य. ते चेतासंस्थेत असतं, स्नायूच्या जाडीत नाही. उलट, ताकदीच्या सरावाने विरुद्ध स्नायूची आवळ कमी झालेली मोजमापांत दिसली आहे. पूर्ण आवाक्यात केलेले वजनाचे व्यायाम सांध्यांची लवचीकता स्ट्रेचिंगइतकीच वाढवतात, असंही एकत्रित अभ्यास सांगतात.

‘आम्ही स्नायू नाही, कंडरा वापरतो’ हेही नेहमी ऐकू येतं. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. ती स्वतः आकुंचन पावत नाही. स्नायू ओढेल तेवढीच ती ताणली जाते. अराम्पात्झिस आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत २००७ साली एकाच माणसाचा एक पाय कमाल जोराच्या सुमारे ५५ टक्क्यांवर आणि दुसरा ९० टक्क्यांवर, एकूण काम सारखं ठेवून, १४ आठवडे सरावला. टाचेवरच्या कंडरेचा ताठपणा वाढला तो फक्त जड भाराच्या पायात. कंडरा मजबूत हवी असेल तर जड भाराला पर्याय नाही. आणि बोटही न लावता समोरच्याला भिरकावून देणारी ‘ची’ आजवर एकाही नियंत्रित चाचणीत दिसलेली नाही. त्या चित्रफितींत उडून पडणारे बहुतेक वेळा त्याच गुरूचे शिष्य असतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आठवड्यातून दोन सत्रं, प्रत्येकी ४० मिनिटं, मध्ये किमान दोन दिवस. गॉब्लेट स्क्वॉट (डंबेल छातीशी धरून बैठक) आणि रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून कमरेतून झुकणं), दोन्हींचे ३ सेट, ५ ते ६ आवर्तनं. सेट संपताना ‘अजून दोन झाली असती, तीन नाही’ असं वाटलं तर वजन बरोबर. ढकलण्याचा आणि ओढण्याचा एकेक व्यायाम, २ सेट, ६ ते ८ आवर्तनं. जड सेटनंतर पूर्ण ३ मिनिटं थांबा. घाईने पुढचा सेट घेतला तर दम लागतो आणि मोठी युनिटं सावरलेली नसतात. वजन खाली आणताना दोन-तीन सेकंद, वर नेताना मात्र जमेल तितक्या जोराने. वजन जड म्हणून वेग कमीच दिसेल, पण प्रयत्न झटक्याचा हवा, कारण मोठ्या युनिटांना बोलावणं त्या प्रयत्नातून जातं.

शेवटी एका हातात जड डंबेल घेऊन ३० मीटर चाला, दोन्ही बाजूंनी दोनदा. खांदा न उचलता, कंबर कलू न देता. ताइचीत जो ताठ कणा आणि खाली सोडलेले खांदे शिकवतात, त्याचीच ही भाराखालची परीक्षा. टाचेच्या कंडरेसाठी लेग प्रेसच्या (बसून पायांनी वजन ढकलायच्या यंत्राच्या) फळीवर पंजा टेकवा, घोटा काटकोनात ठेवा, हलणार नाही इतकं वजन लावा आणि ३ सेकंद जवळजवळ पूर्ण जोराने ढकला, मग ३ सेकंद सैल. असं चारदा, एकूण ५ सेट. आठवड्यातून तीनदा, किमान १२ आठवडे. कंडरा स्नायूपेक्षा संथपणे बदलते. पहिले दोन-तीन आठवडे अर्ध्या जोराने घ्या.

हृदयाबद्दल थोडक्यात. शारीरिक श्रमांच्या २०११च्या तक्त्यात ताइचीला ३ मेट (म्हणजे स्वस्थ बसण्याच्या तिप्पट ऊर्जा) दिले होते, मध्यम वेगाने चालण्याला ३.५. सुरुवातीला हे पुरतं, तंदुरुस्त माणसाला पुरत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा धाप लागेल असं ४ मिनिटं, मग ३ मिनिटं सावकाश, अशा ४ फेऱ्या. चढ, सायकल, काहीही चालेल. हृदयाचा कमाल वेग ढोबळमानाने २०८ वजा वयाच्या ०.७ पट. पन्नाशीत तो १७३ येतो आणि या फेऱ्यांत १४७ ते १६४ ठोके अपेक्षित असतात. ठोके कमी करणारी औषधं चालू असतील तर हे गणित लागू होत नाही. छातीत दुखत असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल तर आधी डॉक्टर.

चुका कुठे होतात? सर्वांत मोठी म्हणजे मनगटाला अर्धा-एक किलो बांधून फॉर्म करणं. मोठ्या युनिटांना जागं करायला हा भार फार कमी, आणि हाताचा मार्ग व वेळ बिघडवायला पुरेसा. दोन्हीकडून तोटा. दुसरी, प्रत्येक सेट पार गळून जाईपर्यंत करणं. शेवटच्या आवर्तनांत खांदे कानाला लागतात, श्वास कोंडतो, आणि शरीर तीच सवय उचलतं. तिसरी, जड पायांच्या सत्रानंतर लगेच खालच्या पवित्र्यात सराव. दमलेल्या मांडीला गुडघा आत ढळताना सावरता येत नाही. त्यातच पूर्ण वजन असलेलं पाऊल फिरवलं तर पीळ गुडघ्यातच बसतो. पावलावरचं वजन आधी काढा, मग नितंबाच्या सांध्यातून फिरवा. फॉर्म आणि तुई-शौ (जोडीदाराबरोबरचा ढकलाढकलीचा सराव) ताज्या शरीराने आधी, वजनं नंतर किंवा दिवसाच्या दुसऱ्या भागात.

स्नायूंचं दुखणं एक-दोन दिवसांत चढतं आणि साधारण तिसऱ्या दिवशी ओसरतं. त्या काळात फॉर्म उंच पवित्र्यात करा. चौथ्या दिवशीही जिना उतरताना मांड्या दुखत असतील तर वजन तेवढंच ठेवून प्रत्येक व्यायामाचा एक सेट कमी करा. वजन कमी करून सेट वाढवू नका. तसं केलं की काम पुन्हा लहान युनिटांकडेच जातं.