रेणुभाराचा एकच आकडा पुरेसा का नसतो

आमच्याकडे कोटिंगसाठी किंवा चिकटवण्यासाठी पॉलिमर मागवताना बहुतेक ग्राहक एकच आकडा कळवतात, तो म्हणजे सरासरी रेणुभार. त्या आकड्यात माल बसतो, पण कधी कधी कामाला बसत नाही. असं का होतं, हे ऑर्डर देण्याआधी तुम्हाला माहीत असावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पॉलिमरचा प्रत्येक रेणू म्हणजे छोट्या रेणूंची एक लांब साखळी, आणि एका बॅचमधल्या सगळ्या साखळ्या सारख्या लांबीच्या कधीच नसतात. समजा, दोनच साखळ्या आहेत, एक 10,000 रेणुभाराची आणि दुसरी 1,00,000 ची. डोकी मोजून सरासरी (संख्या-सरासरी) काढली तर ती 55,000 येते. पण बराचसा माल लांब साखळीतच आहे, म्हणून वजनाच्या हिशेबाने सरासरी (वजन-सरासरी) जवळपास 92,000 निघते. या दुसऱ्या सरासरीला पहिलीने भागलं की सुमारे 1.67 येतात. हीच डिस्पर्सिटी; जुन्या रिपोर्टांत ती पीडीआय नावाने दिसेल. साऱ्या साखळ्या एकाच मापाच्या असत्या, तर ती बरोबर 1 आली असती.

हातात घेतल्यावर फरक कळतो. संख्या-सरासरी तीच असलेल्या दोन नमुन्यांची सारख्या प्रमाणात द्रावणं करा आणि काचेची कांडी बुडवून वर उचला. एकातून थेंब सुटतो, दुसऱ्याला तार धरते. ती तार थोड्याशाच, पण फार लांब साखळ्यांची करामत. स्प्रे करताना त्याच जाळी धरतात. आखूड साखळ्यांचा त्रास वेगळा असतो: फिल्म मऊ राहते, बोटाला चिकटते. साखळ्या एकमेकींत गुंतण्याइतक्या लांब झाल्या, की वितळलेल्या पॉलिमरचा दाटपणा वजन-सरासरीच्या साधारण 3.4 व्या घाताने वाढतो. म्हणजे सरासरी दुप्पट, तर दाटपणा दहापटीहून जास्त!

रिअॅक्टरमध्ये आम्ही काय सांभाळतो

नेहमीच्या फ्री रॅडिकल (अतिक्रियाशील टोकावर साखळी वाढवण्याच्या) पद्धतीत एक साखळी साधारण सेकंदाच्या आसपास वाढून थांबते, बॅच मात्र तासन्‌तास चालते. या काळात मोनोमर (ज्या छोट्या रेणूंची साखळी बनते ते) कमी होतो, मिश्रण घट्ट होतं. घट्ट मिश्रणात वाढती टोकं एकमेकांना भेटत नाहीत, साखळ्या थांबत नाहीत आणि उष्णता झपाट्याने वाढते. म्हणून मोनोमर आणि इनिशिएटर (साखळी सुरू करणारं रसायन) आम्ही एकदम ओतत नाही. पंपाने सावकाश सोडतो आणि तापमान ढळू देत नाही.

मरकॅप्टनचा धडा आम्ही आमच्याच चुकीतून घेतला. साखळी आखूड ठेवणारं हे रसायन स्टायरिन या मोनोमरच्या एका बॅचमध्ये सगळं सुरुवातीलाच घातलं होतं. स्टायरिनपेक्षा ते लवकर संपतं, त्यामुळे शेवटच्या साखळ्या मोकाट वाढल्या. जीपीसीमध्ये (रेणू कॉलममधून सोडून आकारानुसार वेगळे करणाऱ्या चाचणीत) मोठे रेणू आधी बाहेर येतात. आलेखाच्या त्याच बाजूला एक खांदा, म्हणजे फुगवटा, उभा राहिला. सरासरी ठीक होती, माल ठीक नव्हता. तेव्हापासून मरकॅप्टन मोनोमरबरोबरच थोडं थोडं जातं.

इतकं करूनही या पद्धतीत डिस्पर्सिटी 1.5 ते 2 च्या खाली सहसा उतरत नाही. 1.1 ते 1.3 हवी असेल, तर राफ्टसारखी नियंत्रित पद्धत लागते. तिच्यात सगळ्या साखळ्या जवळपास एकाच वेळी सुरू होतात आणि बरोबरीने वाढतात. राफ्टचं रसायन महाग असतं, आणि त्यातल्या गंधकामुळे मालाला रंग किंवा वास राहू शकतो. शिवाय अरुंद वितरण (साखळ्यांच्या लांबीत कमी फरक) म्हणजे चांगलं वितरण, असं नाही. दाबून चिकटणाऱ्या टेपला आखूड साखळ्या पृष्ठभागावर पसरायला लागतात आणि लांब साखळ्या तग धरायला. दाबाखाली चालणाऱ्या पॉलिथिलिन पाइपांसाठी तर दोन शिखरांचं वितरण मुद्दाम घडवतात. गरज नसताना अरुंद माल मागवून पैसे घालवू नका, असंच आम्ही सांगू.

रिपोर्ट पाहताना

जीपीसीचा आकडा बहुधा पॉलिस्टायरिनच्या प्रमाणित नमुन्यांशी ताडून काढलेला असतो. तुमचं पॉलिमर वेगळं असेल, तर तो खरा रेणुभार नसून तुलनेचा असतो. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवण्याआधी सॉल्व्हंट, कॉलम आणि कॅलिब्रेशन एकच आहेत का, ते विचारा.

आधीचा माल तुमच्या कामाला चांगला बसत असेल, तर त्याचा छोटा नमुना आणि तो कशासाठी वापरता ते कळवा. तुमचा आणि आमचा असे दोन्ही नमुने आम्ही एकाच कॉलमवर लागोपाठ चालवतो आणि एकावर एक ठेवलेले पूर्ण आलेख तुम्हाला पाठवतो, दोन्हीकडच्या शेपट्यांसकट.