गालिचा ताटवा

गालिचा ताटवा : बुटक्या, दाट वाढणाऱ्या आणि वारंवार कातरणी सोसणाऱ्या झाडांनी जमिनीवर चित्र, बोधचिन्ह, अक्षरे किंवा घड्याळाची तबकडी रेखाटण्याचा उद्यानकलेतील प्रकार. शहराची मुद्रा, गावचा धंदा, एखाद्या संस्थेची शताब्दी असे विषय त्यात मांडता येत असल्याने सार्वजनिक बागांत तो विशेष रुजला. नाव ताटवा असले तरी फुलांना इथे दुय्यम मान. रंग मुख्यतः पानांचा असतो. अल्टरनँथेरा या रंगीत पानांच्या बुटक्या झाडाला फुले येऊ लागली की माळी ती कातरून टाकतात.

इंग्लंडमध्ये थेम्सकाठच्या क्लिव्हडन येथील बागेत जॉन फ्लेमिंग या माळ्याने 1868 मध्ये सदरलंडच्या डचेस हॅरिएट यांची आद्याक्षरे एचेवेरिया, सेम्परव्हिव्हम, सेडम अशा मांसल पानांच्या झाडांत लावली. बागकामाच्या नियतकालिकाने याच लागवडीला गालिच्याची उपमा दिली आणि ती टिकली. उमरावाच्या बागेतली ही हौस पुढे नगरपालिकांनी उचलली. आद्याक्षरांच्या जागी शहराची मुद्रा आली आणि ताटवा घराण्याचा न राहता गावाचा झाला. विल्यम रॉबिन्सनसारख्या नैसर्गिक बागेच्या पुरस्कर्त्यांनी या कृत्रिमपणावर कडाडून टीका केली, पण बागेत फिरायला येणाऱ्यांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही.

या प्रकारातले सर्वांत नावाजलेले उदाहरण म्हणजे स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या प्रिन्सेस स्ट्रीट बागेतील पुष्पघड्याळ. उद्यान अधीक्षक जॉन मॅकहॅटी यांच्या कल्पनेतून ते 1903 मध्ये उभे राहिले. यंत्र बसवले शहरातल्याच जेम्स रिची अँड सन या घड्याळजींनी, आणि त्यासाठी फाइफमधील एली गावच्या चर्चच्या जुन्या घड्याळाचे भाग वापरले. पहिल्या वर्षी फक्त तासकाटा होता. मिनिटकाटा 1904 मध्ये आला. पुढे वेळेवर ओरडणारा कोकीळही बसवला. यंत्र शेजारच्या ॲलन रॅमसे या कवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्यात दडवलेले आहे. तबकडीचा व्यास सुमारे 3.6 मीटर, आणि काट्यांतही झाडे लावलेली असतात. ती पाणी प्यायली की काटे जड होतात. म्हणून काट्यांचे वजन हा इथे घड्याळजीइतकाच माळ्याचाही प्रश्न आहे. 1973 पासून घड्याळ विजेवर चालते. 1946 पासून रचना दरवर्षी एखाद्या संस्थेला, व्यक्तीला किंवा प्रसंगाला वाहिलेली असते. त्यामुळे जुनी छायाचित्रे ओळीने लावली, तर शहराने कोणत्या वर्षी कोणाला मान दिला याची नोंदवहीच मिळते.

जिनीव्हाचे घड्याळ (1955) सरोवराकाठच्या बागेत आहे. तिथे विषय वेगळा सांगावा लागत नाही, कारण घड्याळ हाच गावचा धंदा. बंगळूरच्या लालबागेतील एचएमटीच्या पुष्पघड्याळाचेही तसेच. कंपनीचा मनगटी घड्याळांचा कारखाना याच शहरात होता. महाराष्ट्रातही बागांत आणि संस्थांच्या आवारात हिरवळीवर अल्टरनँथेराने नाव लिहिलेले दिसते. पण नाव लिहिणे म्हणजे ओळख सांगणे नव्हे. प्रायोजकाचे बोधचिन्ह हिरवळीवर उमटवले की ती जाहिरात होते, मग माळ्याचे काम कितीही सफाईदार असो. पाटी न वाचता गावकऱ्याला ओळखता आला, तर तो ताटवा जमला म्हणावे.

रचना आधी चौकटींच्या कागदावर काढतात. तेवढ्याच चौकटी जमिनीवर सुतळीने आखून रेषा वाळूने पाडतात. जमीन सपाट असेल तर चित्र लांबून चपटे दिसते, म्हणून वाफ्याला उतार देतात किंवा अक्षरे उभी ताणून आखतात. माती फार सकस नको. खत जास्त झाले की झाडे उंच जातात आणि कडा पुसट होतात. आधी बाह्यरेषेची झाडे, मग आतली भर. वाफ्यावर आडव्या टाकलेल्या फळीवर बसून मधून कडेकडे सरकत लावणी होते, म्हणजे लावलेल्यावर पाय पडत नाही. लाल-पिवळा अल्टरनँथेरा, लाल पानांची आयरेसिन, करडी एचेवेरिया हे नेहमीचे रंग. सावलीत अल्टरनँथेराचा लाल फिका पडतो, त्यामुळे मोठ्या झाडाखाली बोधचिन्ह आखणे फुकट जाते. आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्यात असते. वाढ इतकी झपाट्याने होते की कातरणी आठवडाभर चुकली तरी बारीक अक्षरे एकमेकांत मिसळतात. यासाठी अक्षरे जाड आणि थोडकी ठेवावीत.

ब्रिटनमध्ये 1963 पासून चालणाऱ्या ‘ब्रिटन इन ब्लूम’ स्पर्धेने ही कला पालिकेच्या माळ्यांकडून गावकऱ्यांच्या मंडळांकडे नेली. तिची प्रेरणा फ्रान्समधील 1959 सालची फुललेल्या गावांची स्पर्धा होती. ब्रिटनमधील परीक्षक आता बागकामासोबत पर्यावरण आणि लोकसहभागही तपासतात.

खर्च हा या प्रकाराचा कच्चा दुवा. दर हंगामाला हजारो रोपे तयार करायची, ती उपटायची आणि मधल्या काळात सतत पाणी व कात्री चालवायची. पालिकांच्या तिजोऱ्या आटल्या तशी अनेक ब्रिटिश शहरांनी गालिचे कमी करून बहुवर्षायू झाडांची आणि रानफुलांच्या कुरणांची लागवड स्वीकारली. लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिक उद्यानातील कुरणांनी त्या शैलीला मोठी प्रसिद्धी दिली. कुरणात शहराची मुद्रा मात्र उमटवता येत नाही, म्हणून समारंभाच्या जागी गालिचा अजून टिकून आहे.