फेसलिफ्टनंतर कानापुढची सूज: सेरोमा की साचलेली लाळ?

पुण्या-मुंबईत फेसलिफ्ट, म्हणजे चेहऱ्याची सैल त्वचा उचलून ताणण्याची शस्त्रक्रिया, करून आठ-दहा दिवसांनी लातूर, नांदेड किंवा परभणीला परतलेल्या व्यक्तीच्या कानापुढे मऊ, पाणी भरल्यासारखी गाठ आली, की ती दाखवली जाते गावच्या डॉक्टरांना, आणि ‘टाक्यांत पाणी झालं आहे’ म्हणून सुईने ते पाणी ओढून घेतले जाते. बहुतेक वेळा ते निदान बरोबरच असते, कारण त्वचा खालच्या थरापासून सुटी केल्यावर उरलेल्या पोकळीत रक्तातील पातळ द्रव झिरपून साचणे, म्हणजेच सेरोमा होणे, ही नेहमीची बाब आहे. मात्र तेथेच लाळही साचू शकते. साचलेल्या लाळेच्या या गाठीला सायलोसील म्हणतात आणि हाताला ती सेरोमासारखीच लागते.

पॅरोटिड ही सर्वांत मोठी लाळग्रंथी नेमकी कानापुढे, त्वचेखालच्या स्मास नावाच्या स्नायू व तंतूंच्या थराखाली असते. फेसलिफ्टमध्ये हाच थर उचलून ताणतात, त्यामुळे ग्रंथीचे आवरण फाटले किंवा टाका खोल जाऊन ग्रंथीत शिरला, तर लाळ तोंडात न उतरता त्वचेखाली जमू लागते. गळ्याचा आकार सुधारताना जबड्याखालच्या ग्रंथीचा काही भाग कापला असेल, तर हाच प्रकार तिथेही घडतो. (पहिल्या चोवीस तासांत एका बाजूला झपाट्याने वाढणारी, ठणकणारी, काळीनिळी सूज हे या दोन्हींपैकी काहीच नसून रक्त साचल्याचे लक्षण असते, आणि तिच्यासाठी तातडीने शस्त्रक्रियागृहात जावे लागते.)

सेरोमा आणि सायलोसील दोन्ही साधारण एकाच सुमारास दिसू लागत असल्याने केवळ दिवस मोजून फरक कळत नाही. जेवणाची वेळ मात्र बरेच सांगून जाते. लिंबाची फोड चोखायला दिली की लाळेची गाठ काही मिनिटांत ताणली जाते, आणि टाक्यांमध्ये फट असेल तर तेथून पाण्यासारखा स्वच्छ थेंब ओघळतो. सेरोमाला आंबटाचे काहीच सोयरसुतक नसते. तरीही खात्रीसाठी ओढलेले पाणी फेकून न देता त्यातील अमायलेज (लाळेत भरपूर असणारे पाचक विकर) तपासावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सेरोमामध्ये ते रक्तातील पातळीच्या आसपास असते, तर लाळेत हजारांच्या घरात जाते. पाण्याच्या रंगावर विसंबू नये, कारण दोन्ही फिकट पिवळसर असू शकतात.

हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण सेरोमा एक-दोनदा पाणी काढून आणि हलकी दाबपट्टी बांधून बहुधा बसतो, तर लाळेच्या बाबतीत केवळ सुई टोचत राहणे म्हणजे नळ चालू ठेवून हौद उपसण्यासारखे आहे. तेथे पाणी काढण्याबरोबरच ग्रंथीलाही शांत करावे लागते. काही दिवस चिंच, लिंबू, लोणचे बंद ठेवून मऊ, अळणी आहार घ्यावा. गरज पडल्यास ग्रंथीत बोटुलिनम टॉक्सिनचे (ग्रंथीला मिळणारे मज्जातंतूंचे संदेश रोखून लाळ कमी करणाऱ्या औषधाचे) इंजेक्शन देतात, ज्याचा परिणाम काही दिवसांत सुरू होऊन काही महिने टिकतो. तोवर जखम भरून येते. ते सोनोग्राफीत पाहून दिलेले बरे, कारण औषध शेजारच्या स्नायूंत पसरले तर चेहऱ्याची हालचाल तात्पुरती कमजोर होते. दाबपट्टी फार आवळू नये, कारण नुकत्याच उचललेल्या त्वचेचा रक्तपुरवठा आधीच नाजूक असतो.

लाळ कमी करणाऱ्या ग्लायकोपायरोलेटच्या गोळ्यांबाबत मराठवाड्यात विशेष सावध राहावे. त्यांनी घामही कमी होतो, आणि एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडचा पारा चाळिशीपार असताना घाम न येणारा माणूस उष्माघाताच्या जवळ जातो. काचबिंदूचा धोका असलेल्यांना व प्रोस्टेटमुळे लघवी अडणाऱ्यांना तर त्या न विचारता देऊच नयेत.

एवढे करूनही लाळ भरपूर येतच राहिली, आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आत उघडणाऱ्या नलिकेच्या तोंडातून गाल चोळूनही लाळ दिसत नसेल, तर मुख्य नलिकाच दुखावल्याची शंका घ्यावी. अशा वेळी स्थानिक उपचार लांबवू नयेत. मूळ शल्यविशारदाशी बोलून नलिकेचे चित्रण करावे आणि दुरुस्तीचा निर्णय त्यांच्याकडे सोपवावा.