आपत्कालीन सेवकांचे लसीकरण : अमेरिकेतील मोहिमेची पार्श्वभूमी

जैविक हल्ला झालाच तर सर्वांत आधी ज्यांना धावून जावे लागेल, त्या परिचारिका, पोलीस आणि अग्निशमन जवानांना आधीच लस टोचून ठेवावी का, हा प्रश्न अमेरिकेत २००१ च्या अखेरीस ऐरणीवर आला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आठवडाभरातच अँथ्रॅक्स या घातक रोगाच्या जिवाणूंची भुकटी भरलेली पाकिटे टपालात पडू लागली होती. त्यातून २२ जणांना लागण झाली, ५ जण दगावले आणि मृतांत वॉशिंग्टनच्या टपाल केंद्रातील दोन कर्मचारी होते.

धास्ती मात्र अँथ्रॅक्सपेक्षा देवीच्या रोगाचीच अधिक होती. १९८० मध्ये देवीचे उच्चाटन जाहीर झाले, तरी तिचा विषाणू अटलांटा आणि सायबेरियातील कोल्त्सोवो येथील प्रयोगशाळांत जपून ठेवलेला होता. सोव्हिएत संघाने त्याचे शस्त्र बनवल्याची माहितीही पुढे आली होती. अमेरिकेने सरसकट देवी टोचणे १९७२ मध्येच थांबवले असल्याने त्यानंतरची पिढी पूर्णपणे असुरक्षित होती.

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी १३ डिसेंबर २००२ रोजी योजना जाहीर केली. निवडक सैनिकांना सक्तीने, सुमारे ५ लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना स्वेच्छेने आणि पुढच्या टप्प्यात पोलीस, अग्निशमन दलासह १ कोटीपर्यंत लोकांना लस देण्याचा बेत होता. २४ जानेवारी २००३ रोजी कनेक्टिकटमध्ये नागरी मोहीम सुरू झाली. प्रत्यक्षात सुमारे ४० हजार जणांनीच लस घेतली.

हा प्रतिसाद केवळ भित्रेपणाचा म्हणता येणार नाही. या लसीत जिवंत विषाणू असतो, टोचलेल्या जागेच्या फोडातून तो घरच्यांपर्यंत पोहोचू शकतो आणि जुन्या अनुभवानुसार प्रथमच लस घेणाऱ्या दर दहा लाखांमागे एक-दोन मृत्यू संभवतात. समोर एकही रुग्ण नसताना हा धोका पत्करायचा, आणि इजा झालीच तर उपचारांचा व बुडालेल्या पगाराचा भार कोणी सोसायचा, हे कर्मचारी संघटना विचारत होत्या. लस बनवणाऱ्या व देणाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण मोहिमेच्या पहिल्याच दिवशी लागू झाले. लस घेणाऱ्यांसाठी भरपाईचा कायदा मात्र ३० एप्रिलला, म्हणजे मार्चमध्ये लसीनंतर हृदयाला सूज येण्याचे प्रकार उघड झाल्यावर झाला. हा क्रमच मोहिमेला सर्वाधिक भोवला, असे वाटते. इराककडे देवीचे शस्त्र असल्याची भीती होती, पण २००३ च्या युद्धानंतर तेथे ते सापडले नाही आणि उरलेली निकडही ओसरली.

अँथ्रॅक्सची वाट निराळी होती. तो सहसा माणसाकडून माणसाकडे पसरत नाही आणि संपर्कानंतरही प्रतिजैविके देता येतात, म्हणून २००० मध्ये सरकारच्या लसीकरणविषयक तज्ज्ञ समितीने आपत्कालीन सेवकांसाठी अँथ्रॅक्सच्या लसीची शिफारस केली नव्हती. २००८ मध्ये तिने स्वेच्छेने लस घेण्यास वाव दिला. डिसेंबर २०१६ च्या कायद्याने आपत्कालीन सेवकांना ही लस देण्याच्या प्रायोगिक कार्यक्रमाला मंजुरी मिळाली. तोही ऐच्छिकच होता आणि त्यासाठी राष्ट्रीय साठ्यातील मुदत संपत आलेल्या मात्रा वापरायच्या होत्या, ज्या एरवी टाकून द्याव्या लागल्या असत्या.