अपंगत्वमापनाची प्रश्नावली

अपंगत्वमापनाची प्रश्नावली : पाहणे, ऐकणे, चालणे यांसारख्या रोजच्या क्रिया किती लोकांना कठीण जातात हे मोजण्यासाठी जनगणनेत किंवा घरोघरच्या पाहणीत विचारायच्या प्रश्नांचा संच. वेगवेगळ्या देशांचे आकडे शेजारी ठेवून पाहता यावेत, ही त्याची मुख्य अट. अट साधी दिसते, पण तिने संख्याशास्त्रज्ञांना बरीच दशके दमवले आहे.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी केनिया आणि बांगलादेशातले अपंगत्वाचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी नोंदलेले होते, न्यूझीलंडमधले मात्र २० टक्के. गरीब देशांतली माणसे जास्त धडधाकट असतात असे कोणी मानणार नाही. फरक प्रश्नाचा होता. भारताच्या २०११ च्या जनगणनेत ‘ही व्यक्ती मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अपंग आहे का?’ असे विचारून उत्तर होय किंवा नाही असे घेतले गेले. गिरगावातल्या चाळीत प्रगणक दाराशी उभा राहून हे विचारतो तेव्हा उत्तर बहुधा घरचा कर्ता देतो. आतल्या खोलीतल्या आजीला तीनदा हाक मारावी लागते, पण ते ‘वय झालं’ या सदरात जमा होते. घरात लग्नाची मुलगी असेल, तर तिच्या भावाचे फीट येणे उंबऱ्याबाहेर जात नाही. ‘अपंग’ काय किंवा २०१५ नंतर सरकारी कागदांत रुळलेला ‘दिव्यांग’ काय, शब्द ऐकला की माणूस आधी तो शिक्का स्वतःला लावून घ्यायचा का, हे ठरवतो आणि मग उत्तर देतो.

व्याख्या बदलली की आकडा कसा उडी मारतो, हेही आपल्याच जनगणनेत दिसते. २००१ मध्ये दृष्टिदोष असलेले १ कोटी ६ लाख लोक नोंदले गेले, २०११ मध्ये तेच ५० लाखांवर आले. उलट श्रवणदोषाचा आकडा १२ लाख ६० हजारांवरून सुमारे ५० लाख ७० हजारांवर गेला. दहा वर्षांत देशाचे डोळे सुधारले आणि कान बिघडले, असे काही झाले नाही. एकाच डोळ्याने नीट दिसणारा माणूस २००१ मध्ये मोजला गेला होता, पुढच्या वेळी वगळला गेला. श्रवणयंत्र लावणाऱ्याचे बरोबर उलटे झाले. गंमत म्हणजे एकूण प्रमाण २.१३ वरून २.२१ टक्के, म्हणजे जवळपास जिथल्या तिथे राहिले.

या गोंधळावर उपाय शोधण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या छत्राखाली २००१ मध्ये वॉशिंग्टन गट स्थापन झाला. अशा गटांना पहिली बैठक जिथे भरते त्या शहराचे नाव देण्याचा प्रघात आहे. शंभराहून अधिक देशांची सांख्यिकी कार्यालये त्यात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच स्वीकारलेल्या अपंगत्वविषयक वर्गीकरणाचा आधार घेऊन गटाने २००६ मध्ये सहा प्रश्नांचा लघुसंच पक्का केला : चष्मा लावूनही पाहणे, श्रवणयंत्र लावूनही ऐकणे, चालणे किंवा पायऱ्या चढणे, लक्षात ठेवणे किंवा लक्ष एकाग्र करणे, अंघोळ किंवा कपडे घालणे यांसारखी स्वतःची निगा, आणि नेहमीच्या भाषेत बोलणे-समजणे. उत्तरे चार : अजिबात कठीण जात नाही, थोडे कठीण जाते, खूप कठीण जाते, मुळीच जमत नाही. सहापैकी एका तरी क्रियेला शेवटच्या दोनपैकी उत्तर आले, तर ती व्यक्ती गणनेत धरली जाते. ‘अपंगत्व’ हा शब्द प्रश्नांत कुठेच येत नाही, आणि संचाची खरी हुशारी यातच आहे.

पुढचे काम हे प्रश्न मराठीत आणण्याचे. ते कोशात पाहून होत नाही. ‘दिसायला त्रास होतो का?’ असे विचारले, तर डोळे चुरचुरतात, पाणी येते, अशी उत्तरे येऊ शकतात. ‘अडचण’ हा शब्द निर्मळ वाटतो, पण जुन्या वळणाच्या घरात एखाद्या बाईला ‘काही अडचण आहे का’ असे विचारले, तर ती मासिक पाळीबद्दलच समजेल. त्यापेक्षा ‘कठीण जातं’ किंवा ‘जड जातं’ बरे. अंघोळीच्या प्रश्नाला मुंबईत वेगळीच वाट फुटते : नळाला पहाटे तासभरच पाणी येते, म्हणून अंघोळ कठीण. त्यासाठी सुरुवातीलाच ‘प्रकृतीच्या कारणाने’ असे सांगून ठेवणे शहाणपणाचे. ‘नेहमीच्या भाषेत’ हे दोन शब्द तर या शहरात गाळून चालणारच नाहीत. धारावीतल्या तमिळ बोलणाऱ्या आजीला मराठी प्रगणकाचे बोलणे कळत नाही, हा तिचा दोष नव्हे. पायऱ्यांचा प्रश्न सर्वांत फसवा. गुडघे दुखू लागल्यावर तळमजल्यावर राहायला गेलेला आणि रेल्वेचा पूल टाळून रिक्षाने जाणारा माणूस ‘काही कठीण जात नाही’ असे मनापासून सांगतो. त्याने जिना चढणेच सोडून दिलेले असते. म्हणूनच प्रश्न छापण्यापूर्वी काही लोकांना ते विचारून, उत्तर देताना मनात काय आले हे त्यांच्याकडूनच ऐकण्याची चाचणी घेतली जाते. ही पायरी खर्च वाचवायला गाळणे हा पुढे आकड्यांवर वाद घालत बसण्याचा हमखास मार्ग.

लघुसंचाच्या मर्यादा उघड आहेत. चिंता आणि नैराश्य त्यात नाही, त्यासाठी मोठा संच आहे. मुलांसाठीही तो अपुरा पडतो. २ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी युनिसेफसह तयार केलेले वेगळे प्रश्न २०१६ मध्ये आले आणि त्यांत मूल समवयस्कांशी ताडून पाहिले जाते.

१९५६ मध्ये स्थापन झालेली, मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम सांभाळते. तिच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत अपंगत्वाचा प्रश्न घातला गेला.

पाहणीतला आकडा आणि अपंगत्वाचे सरकारी प्रमाणपत्र असलेल्यांचा आकडा एकच समजण्याची चूक बातम्यांत वारंवार होते. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि आरक्षणासारख्या लाभांना किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. तो दाखला खिशात असलेला, पण श्रवणयंत्र लावून ‘थोडंसंच कठीण जातं’ म्हणणारा कारकून वॉशिंग्टन संचाच्या गणनेबाहेर राहू शकतो. तीन हाकांनंतर ओ देणारी गिरगावातली आजी मात्र, प्रश्न थेट तिलाच विचारला तर, दाखल्याशिवाय आत येते.