हकालपट्टी, पक्षातून

शिस्तभंगाच्या कारणावरून राजकीय पक्षाने आपल्या सदस्याचे सदस्यत्व संपवणे. निलंबनात सदस्यत्व तहकूब राहते, हकालपट्टीत ते उरतच नाही. वृत्तपत्रे मात्र दोन्ही शब्द सैलपणे वापरतात. ‘सहा वर्षांसाठी’ ही परिचित मुदत पक्षांच्या शिस्तनियमांतली आहे, कायद्यातली नव्हे.

हकालपट्टी झालेल्या आमदार-खासदाराचे सभागृहातले स्थान हा वादाचा विषय आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीत ‘स्वेच्छेने’ पक्ष सोडणारा अपात्र ठरतो. पक्षानेच काढलेल्याचा तीत उल्लेख नाही. जी. विश्वनाथन खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने असा सदस्य, सभागृहाच्या अध्यक्षांनी ‘असंलग्न’ (कोणत्याही पक्षाचा नसलेला) ठरवला तरी, ज्या पक्षाने उभे केले त्याचाच मानला जातो, असे म्हटले. म्हणून त्याने दुसरा पक्ष धरला की स्वेच्छेने पक्ष सोडल्यासारखे होते. या न्यायाने पक्षाने घराबाहेर काढायचे आणि त्याचा व्हिप (मतदानाचा पक्षादेश) मात्र लागू राहायचा, अशी विचित्र अवस्था येते. समाजवादी पक्षाने २०१० मध्ये काढलेल्या अमरसिंह व जयाप्रदा यांच्या निमित्ताने प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. पण दोघांची मुदत संपल्याने २०१६ मध्ये न्यायालयाने उत्तर देणे टाळले. तूर्त विश्वनाथन निकालच प्रमाण धरणे इष्ट.

कोल्हापूर जिल्ह्यात या शिक्षेची धार बोथट दिसते, कारण येथे नेत्याचे बळ पक्षापेक्षा ‘गटा’त असते. शिरोळच्या राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने कृषी राज्यमंत्री सदाभाऊ खोत (मूळचे वाळवा तालुक्यातले) यांची ऑगस्ट २०१७ मध्ये हकालपट्टी केली. जूनमधल्या शेतकरी संपातली त्यांची भूमिका हे एक कारण होते. मंत्रिपद कायम राहिले. खोत यांनी रयत क्रांती संघटना काढली. शेट्टी मात्र हकालपट्टीपाठोपाठ सत्ताधारी आघाडीतून बाहेर पडले. याच संघटनेच्या स्वाभिमानी पक्षाचे मोर्शीचे आमदार देवेंद्र भुयार यांना मार्च २०२२ मध्ये काढण्यात आले. त्यांची आमदारकी २०२४ पर्यंत टिकली.

सदाशिवराव मंडलिक (१९३४–२०१५) यांचे नाव या संदर्भात घेतले जाते, पण त्यांचे प्रकरण बंडखोरीत धरणे अधिक रास्त. २००९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसने कोल्हापूर लोकसभेची उमेदवारी संभाजीराजे छत्रपतींना दिली. मंडलिक अपक्ष लढले आणि जिंकले. कागल तालुका आणि हमीदवाड्याचा साखर कारखाना ही त्यांची खरी शिदोरी होती.

उलट उदाहरण २०१९ च्या लोकसभा निवडणुकीचे. काँग्रेसचे सतेज पाटील यांच्या गटाने ‘आमचं ठरलंय’ म्हणत काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या धनंजय महाडिकांऐवजी शिवसेनेच्या संजय मंडलिकांचे काम केले. हकालपट्टी झाली नाही. वर्षअखेरीस पाटील राज्यमंत्री झाले.

स्थानिक संस्थांसाठी वेगळा, १९८६ चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम आहे. तो पक्षाबरोबर ‘आघाडी’लाही ओळखतो, हे कोल्हापूर महापालिकेतल्या ताराराणी आघाडीसारख्या स्थानिक रचनांच्या दृष्टीने महत्त्वाचे. साखर कारखाने व गोकुळ दूध संघ यांच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, त्यामुळे तेथे पक्षातून काढलेला माणूसही पॅनेलप्रमुख असू शकतो.